कातड्याचा कमरपट्टा : गोठ्यापासून बकलापर्यंत

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या कमरेस आज पट्टा असतो. धोतराबरोबर करदोडा मागें पडला आणि पाटलोणीबरोबर पट्टा आला. बैल घेतांना दांत, खूर, चाल आणि अंगावरची झिलई बारकाईनें पाहणारा शेतकरी पट्टा घेतांना मात्र बकलाची चकाकी तेवढी पाहतो, आणि ज्या वस्तूसाठीं पैसे मोजतो तें कातडें पाहावयाचें विसरतो. तें कातडें शेवटीं आपल्यासारख्याच कोणाच्या तरी गोठ्यांतून निघालेलें असतें, हें लक्षांत घेतलें तर हा विसर अधिकच खटकतो.

आम्हीही त्यांतलेच. कांहीं दिवसांपूर्वीं तालुक्याच्या गांवीं एका दुकानांतून काळाभोर, ठसे उठविलेला, काठानें पांढरी शिवण घातलेला पट्टा आम्हीं घेतला. पहिल्याच पावसाळ्यांत शिवण उसवली आणि वरचा पापुद्रा सुटूं लागला. आमच्या गांवचे वृद्ध चर्मकार, ज्यांस सारा गांव तात्या म्हणतो, त्यांच्याकडे तो दुरुस्तीस नेला. त्यांनीं रापीनें एक टोंक कापून आंतला भाग आमच्यापुढें धरला. कातड्याच्या चुऱ्याचा लगदा दाबून केलेला पुठ्ठा, आणि वर प्लास्टिकचा पातळ थर! “अण्णा, टांका धरायला ह्याच्यांत आहे काय? पुठ्ठ्याला शिवण घालून काय होणार?” एवढें बोलून त्यांनीं पट्टा परत दिला.

पुढें चैत्रांत आमचा सर्ज्या बैल गेला. खिलार जातीचा, चौदा वर्षें त्यानें आमचें औत ओढलें. त्याचें कातडें वाया जाऊं नये, त्याचे पट्टे करून घरांतल्या मुलांनीं वापरावे, असें मनांत आलें. तात्यांनीं होकार दिला. त्यानंतरच्या तीन महिन्यांत जें पाहिलें व जें चुकलें, तें येथें देत आहों.

पहिली चूक त्याच दिवशीं झाली. सर्ज्या पहाटे गेला आणि कातडें निघालें दुपार टळल्यावर. पूर्वीं निरोप गेला कीं ठराविक घरचीं माणसें येत. तें काम अमुक जातीचें, असें ठरवून गावानें तें त्यांच्या माथीं मारलें होतें, आणि तें करतात म्हणून त्यांस दूरही ठेविलें होतें. आतां कोणी येत नाहीं, आणि यांत त्यांचा कांहींएक दोष नाहीं. २०१६ सालीं गुजरातेंत उना येथें मेलेल्या गाईचें कातडें काढणाऱ्या दलित तरुणांस भर रस्त्यांत मारहाण झाली, ती साऱ्या देशानें पाहिली. तेव्हां आपल्या जनावराची सोय आपणच पाहिली पाहिजे. आम्हांस तें काम येत नव्हतें आणि शिकण्याची कधीं इच्छाही केली नव्हती. शेजारच्या गांवचे दोघे गृहस्थ येईपर्यंत ऊन तापलें, आणि पोटाकडच्या भागाचे केस हातांत सुटूं लागले. केस असे सुटूं लागले म्हणजे कातडें कुजण्यास आरंभ झाला असें समजावें. उन्हाळ्यांत चार-पांच तासांच्या आंत कातडें निघून त्यास मीठ लागलें पाहिजे. कातड्याच्या वजनाच्या निदान एक तृतीयांश मीठ मांसाच्या बाजूस चोळून, कातडें सावलींत पसरावें; उन्हांत मुळींच वाळवूं नये.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. जनावर एकाएकी मेलें, नाकातोंडांतून वा गुदद्वारांतून काळसर, न गोठणारें रक्त आलें, तर काळपुळीचा म्हणजे फाशी रोगाचा संशय घ्यावा आणि त्या जनावरास सुरी लावूं नये. त्या रोगाचे जंतु वारा लागला कीं कठीण कवच धरतात व जमिनींत वर्षानुवर्षें राहतात. ते माणसासही मारतात. असें जनावर पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें पुरावें वा जाळावें. लंपी रोगानें मेलेलें जनावरही न सोलतां खोल पुरावें. २०२२ सालीं तो रोग आपल्या प्रांतांत पसरला तेव्हां जीं जनावरें वांचलीं त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या अंगावर गांठींचे व्रण राहिले, आणि ते व्रण कमावलेल्या कातड्यावरही दिसतात.

कमावण्याचें काम तात्यांच्या ओळखीच्या एका घरीं झालें. ते अजून जुन्या पिशवी पद्धतीनें काम करतात. मीठ धुऊन कातडें कांहीं दिवस चुन्याच्या पाण्यांत ठेवितात. केस सैल झाले कीं ते व मागचें मांस खरवडून काढतात. मग चुना धुऊन प्रथम सालीच्या सौम्य पाण्यांत बुडवितात, आणि नंतर तें कातडें शिवून त्याची चक्क पिशवी करतात. ती तिकाटण्यास टांगून तींत बाभळीच्या सालीचा कुटा व पाणी भरतात. पाणी कातड्यांतून पाझरून खालच्या भांड्यांत पडतें, तेंच पुन्हां वर ओततात. कांहीं दिवसांनीं पिशवी उलटी टांगतात, म्हणजे दोन्ही टोंकांस सारखा रस पोंचतो. शेवटीं हिरड्याचें पाणी देतात. बाभळींतलें व हिरड्यांतलें टॅनिन कातड्याच्या तंतूंस बिलगून बसतें, आणि मग तें कातडें कुजत नाहीं. आमच्या कातड्यास दीड महिना लागला. बांधावरची बाभूळ आपण सरपणाची म्हणून तोडतों; तिच्या सालीचा हा उपयोग आम्हीं ऐकला होता, पाहिला नव्हता.

बाजारांतलें बहुतेक कातडें आज क्रोमच्या क्षारांनीं कमावतात. तें काम लौकर होतें व कातडें मऊ राहतें. त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मद्रास इलाख्यांत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं क्रोमचे प्रयोग केले, तेव्हां विहिरीवरच्या मोटेचें कातडें टिकाऊ व्हावें हाही त्यांचा एक हेतु होता, हें आमच्या जुन्या वाचकांस ऐकून नवल वाटेल. मोट गेली, पंप आला. क्रोम मात्र राहिलें. परंतु पट्ट्यावर ठसा उठवावयाचा असेल तर क्रोमचें कातडें कामाचें नाहीं. तें दबतें आणि पुन्हां फुगून येतें. ठसा धरून ठेवण्याचा गुण सालीनें कमावलेल्या कातड्यांतच आहे. विकत घेतांना ओळखण्याची खूण अशी कीं, कापलेल्या काठाकडे पाहावें. सालीचें कातडें आरपार तपकिरी दिसतें. क्रोमचें मध्यें बहुधा निळसर-करडें असतें. रंग न दिलेल्या सालीच्या कातड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तेथें तें गडद होतें आणि वाळल्यावर पुन्हां उजळतें.

कमावलेलें कातडें तात्यांनीं ओसरीवर पसरलें तेव्हां आम्हांस आमच्याच गोठ्याचा हिशोब समोर मांडल्यासारखें झालें. मानेचा भाग जुवाच्या घट्ट्यांनीं दगडासारखा. पोट व कुशी यांवर गोचिडांनीं केलेल्या टांचणीएवढ्या खोलगट खुणा. उजव्या पुठ्ठ्यावर पराणीच्या आरेचे कितीतरी भरून आलेले टोंचे, आणि त्यांच्याच वर डागण्याच्या तीन आडव्या रेघा. तात्यांनीं त्यांवरून बोट फिरविलें.

“डाग कुणी दिला?”

“लंगडत होता म्हणून वैदूनें दिला.”

“लंगडणं गेलं का मग?”

लंगडणें गेलें नव्हतें. पुढें पशुवैद्यानें खुरांतला खिळा काढला तेव्हां गेलें. आम्हीं तसें सांगितलें. तात्या कांहीं बोलले नाहींत.

आतां हें लक्षांत घ्यावें कीं पट्टा साऱ्या कातड्यांतून निघत नाहीं. खांद्यामागून शेपटीपर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंस जो पाठीचा भाग, तोच घट्ट व एकसारख्या जाडीचा असतो. पोटाचें कातडें सैल असतें, तें ओढ लागली कीं लांबतें. त्याचा पट्टा केला तर दर वर्षीं एक भोक पुढें जावें लागतें, आणि माणसास वाटतें आपणच रोडावलों. पट्टी नेहमीं कण्यास समांतर कापावी, आडवी नव्हे. आम्हीं दिलेले डाग व टोंचे नेमके ह्या उत्तम भागावर होते. निर्दोष कातड्यांतून बारा-चौदा पट्टे निघाले असते असें तात्यांचें मत पडलें. आमच्या कातड्यांतून चार निघाले. पांचव्या पट्टीवर डागाची एक रेघ आली.

पट्टीची रुंदी दीड इंच धरली. लांबीसाठीं पाटलोणीचा आंकडा उपयोगी नाहीं. वापरांतल्या पट्ट्याचें बकलाजवळच्या घडीपासून रोजच्या भोकापर्यंत माप घ्यावें. त्यांत बकलाच्या घडीस तीन इंच व शेपटास सहा इंच मिळवावे. मात्र लांबी अगदीं शेवटीं कापावी. ओल्या कातड्यावर ठसे मारतांना तें थोडें लांबतें, आणि आधीं भोकें पाडून ठेवलीं तर सारें माप चुकतें.

ठसे उठविणें हें काम बाहेरून जोराचें वाटतें, पण तें खरें पाहतां ओलीचें काम आहे. तात्या पट्टी पाण्यानें दोन्ही अंगांनीं सारखी भिजवून रात्रभर ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवीत. सकाळीं उघडून तिचा मूळ रंग परत येऊं लागेपर्यंत थांबत. मग ती गालास लावून पाहत. रंग आलेला, तरी स्पर्श गार, ही ठशाची वेळ. याहून ओली असेल तर ठसा चिखलांत उमटावा तसा पसरट येतो. कोरडी असेल तर उमटतच नाहीं किंवा वरची कातडी तुटते. शेतांत वाफसा पाहून पेरणी करणाऱ्यास ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं. वाफसा चुकला कीं पुढची सारी मेहनत फुकट, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

ठसे त्यांनीं स्वतःच केलेले आहेत. जाड लोखंडी खिळ्यांचीं टोंकें कानशीनें घांसून कोणावर बेलपान, कोणावर कुयरी, कोणावर शंकरपाळी कोरलेली. खालीं गुळगुळीत दगड आणि हातांत लांकडी मोगरी. लोखंडी हातोडीनें ठशाचें डोकें पसरतें आणि घाव सारखा बसत नाहीं. प्रथम काठापासून थोडें अंतर सोडून दोन्ही बाजूंस रेघ ओढतात, कारण तेथें शिवण यावयाची असते, मग मध्यरेषा. चटईची वीण दाखविणारा ठसा असेल तर आरंभ मध्यापासून करून दोन्ही टोंकांकडे जातात. प्रत्येक ठशाची टोंकें शेजारच्याच्या पोटांत बसलीं पाहिजेत. एक ठसा केंसभर तिरका गेला तर पुढच्या शंभरांत तो तिरकेपणा वाढत जातो, आणि ओल्या कातड्यावरचा चुकलेला ठसा पुसतां येत नाहीं. आम्हीं एका तुकड्यावर हात चालवून पाहिला. पहिले दहा ठसे बरे आले. अकराव्यास मोगरी निसटली. तात्या हंसले व तुकडा आमच्या नातवास खेळावयास दिला.

ठशांच्या पट्ट्याची आवड ही आपलीच नव्हे. गुरांच्या दुसऱ्या मुलखांतही ती आहे. अमेरिकेंत वायोमिंग राज्यांत शेरिडन नांवाचें शहर आहे. तेथील डॉन किंग (१९२३–२००७) या खोगीर करणाऱ्या कारागिरानें वर्तुळाकार देठांत लहान फुलें गुंफण्याची एक धाटणी बसविली, तिला त्या शहराचेंच नांव पडलें. तेथें आधीं चाकूनें रेषा कापतात व मग ठशांनीं भोंवतालची जागा दाबून फूल वर आणतात. १९९१ सालीं त्यास राष्ट्रीय वारशाचा सन्मान मिळाला. ज्यांनीं त्याचीं खोगिरें वापरलीं त्या गुरें पाळणाऱ्या लोकांनीं त्यास आपल्यांतलाच मानलें. आमच्याकडे तात्यांच्या वडिलांनीं साऱ्या गांवाच्या मोटा शिवल्या, आणि गांवाच्या पंगतींत त्यांचें पान कधीं मांडलें गेलें नाहीं. आम्हांस ही तुलना सुखाची वाटली नाहीं, तरी लिहिणें भाग आहे.

आतां शिवण. एकेरी जाड पट्ट्याच्या काठानें घातलेली शिवण निव्वळ शोभेची; तेथें खरें काम फक्त बकलाजवळच्या घडीवरच्या टांक्यांचें. परंतु आपल्या खिलार जनावरांचें कातडें म्हशीच्या मानानें पातळ, म्हणून तात्या खालून दुसरें पातळ अस्तर लावून दुहेरी पट्टा करतात. अशा पट्ट्यांत दोन्ही थर एकत्र ठेवण्याचा सारा भार शिवणीवर असतो.

यंत्राच्या शिवणींत वरचा व खालचा असे दोन दोरे मध्यें एकमेकांस अडकलेले असतात. एक तुटला कीं शेजारचे टांके एकामागून एक सुटत जातात. आमच्या दुकानच्या पट्ट्याचें हेंच झालें. हातशिवणींत दोरा एकच, पण त्याच्या दोन्ही टोंकांस सुया. एका भोकांतून एक सुई इकडून तिकडे आणि दुसरी तिकडून इकडे जाते, आणि मग दोन्ही टोंकें सारखीं ओढून घेतात. झिजून एका बाजूचा टांका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा त्याच भोकांतून गेलेला असतो व तो धरून राहतो. घोड्याच्या खोगीरास हीच शिवण घालीत, कारण तेथें टांका तुटणें म्हणजे स्वार पडणें.

तात्या ठशांच्या कडेस एक उथळ चर काढतात, म्हणजे दोरा त्यांत बसून घांसत नाहीं. इंचास सात टांके धरून खुणा करतात. दोरा लिननचा, मधमाशीच्या मेणावरून ओढून घेतलेला. शिवणीच्या चौपट लांब. पट्टी लांकडी चिमट्यांत धरून चिमटा गुडघ्यांत दाबतात, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. आरीचें पातें चपटें, शंकरपाळीच्या आकाराचें, आणि तें दर वेळीं एकाच कलानें घुसलें पाहिजे. टांके एका दिशेनें झुकलेले दिसतात तें ह्यामुळें. चाळीस इंच शिवणीस एका काठाला दोनशें ऐंशी भोकें, दोन्ही काठांस पांचशें साठ. प्रत्येक भोकांतून दोन सुया. शेवटीं दोन-तीन टांके उलटे घालून दोरा कापतात. गांठ मारीत नाहींत. मग हातोडीनें शिवण हलकेच ठोकून बसवितात. एका पट्ट्याची शिवण त्यांस दोन दिवस पुरली. आम्हीं मजुरी विचारली तेव्हां त्यांनीं एका दिवसाची सांगितली. “दुसरा दिवस माझ्या डोळ्यांचा,” असें ते म्हणाले. आम्हीं दोन्ही दिवसांचे पैसे दिले, आणि वाचकांपैकीं ज्यांस असें काम करवून घ्यावयाचें असेल त्यांनीं दुकानच्या पट्ट्याशीं घासाघीस करूं नये, अशी आमची विनंति आहे.

बाकीचें काम थोडें. बकलाच्या घडीचें कातडें मागून तासून निम्म्या जाडीचें करावें, कांट्यासाठीं लांबट खांच पाडावी, आणि शेपूट धरावयास वादीची कडी घडींत शिवून टाकावी. बकल पितळेचें घ्यावें. लोखंड घामानें व पावसानें ओलें झालें कीं सालीच्या कातड्यावर काळे डाग पडतात. टॅनिन व लोह एकत्र आलें म्हणजे काळा रंग होतो, आणि हिरडा व हिराकस यांची जुनी शाई ह्याच गुणावर होत असे. पट्टा काळाच हवा असेल त्यास अर्थात् हा गुण उपयोगी आहे. काठ रापीनें गोल करून ओल्या फडक्यानें व लांकडानें घांसला कीं तो चकचकीत व बंद होतो. भोकें पांच, एकेक इंचावर. रोजचें भोक मधलें यावें. भिजलेला पट्टा चुलीजवळ वा उन्हांत वाळवूं नये. वर्षांतून एक-दोनदां तेलाचा हलका हात द्यावा; आमच्याकडे मोटेस एरंडेल देत, तेंच तात्या वापरतात.

तात्यांच्या ओसरीवर आतां नवें कातडें क्वचितच येतें. बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी करणारी दुरुस्ती महाराष्ट्रांत २०१५ सालीं अमलांत आली. ती योग्य कीं अयोग्य हा वाद येथें घालीत नाहीं. पण बंदी कत्तलीस आहे, आपोआप मेलेल्या जनावराच्या कातड्यास नाहीं, एवढें शेतकऱ्यास ठाऊक असावें. भीतीनें तेंही कातडें आज मातींत जातें, आणि जें वांचतें तें दूरच्या कारखान्यांकडे जातें. कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं महाराष्ट्र व कर्नाटक यांतल्या प्रत्येकीं चार जिल्ह्यांसाठीं भौगोलिक मानांकन मिळालें. तात्यांचें म्हणणें, नांव मिळालें तसें सालीचें कातडेंही गांवांत मिळालें पाहिजे. त्यांचा मुलगा औद्योगिक वसाहतींत कामास जातो. नातू सुट्टींत ठसे मारून पाहतो आणि त्याचा हात, आमच्यापेक्षां तरी, सरळ चालतो.

चार पट्टे घरांत वांटले गेले. पांचवा, डागाची रेघ असलेला, तात्यांनीं ठशांनीं झांकूं का म्हणून विचारलें. आम्हीं नको म्हटलें, आणि तो आम्हीच वापरतों. सर्ज्याचा जोडीदार अजून औतास धडधाकट आहे. त्याला डागावयाचें नाहीं असें घरांत ठरलें आहे, गोचिडांसाठीं पशुवैद्याचें औषध आणलें आहे, आणि पराणीची आर आम्हीं काढून ठेविली आहे.